गिरणीच्या मजल्यावरून शेवटच्या केमार्टपर्यंत: सहा दिवसांची वाट

अमेरिकेच्या ईशान्य भागात वाढलेल्या, आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कुणापुढेही एम्स, झेअर, कॅल्डोर, ब्रॅडलीज किंवा केमार्ट यांतलं एक नाव नुसतं काढा. तो आधी वास सांगतो. दारातून शिरताच पॉपकॉर्नचा, आत गेल्यावर नव्या प्लास्टिकचा, कोपऱ्यात टायरच्या रबराचा आणि वसंतात बागेच्या खताचा. मग दोऱ्याने एकमेकांना बांधलेले बूट, दारातलं च्युइंगगमचं यंत्र आणि आइसीचा निळा-लाल बर्फाळ ग्लास. ईशान्येतली ही सगळी स्वस्तातली डिपार्टमेंट स्टोअर आता बंद आहेत. पण ती जिथे जन्मली आणि जिथे संपली त्या जागा अजून हिंडून पाहता येतात. लहानपणी आठवणीत बसलेल्या प्रत्येक गोष्टीमागे दुकानदाराचा काहीतरी हिशेब होता, आणि तो हिशेब जागेवर गेल्यावर चांगला कळतो. म्हणून ही वाट.

प्रॉव्हिडन्सपासून लाँग आयलंडच्या टोकाकडे ब्रिजहॅम्प्टनपर्यंत आडवळणं धरून सुमारे ४०० मैल होतात. गाडी हवीच. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. जानेवारी-फेब्रुवारीत पार्किंगच्या कडेला बर्फाचे ढीग लोटलेले असतात आणि नेमक्या पाहायच्या भिंती त्यांच्या आड जातात. पाहण्याची वेळ रविवारी सकाळी सात ते नऊ. मैदान रिकामं असतं आणि तिरप्या उन्हात भिंतीवरच्या खुणा उठून दिसतात. दर्शनी बाजूला उभं राहून फोटो काढायला सहसा कुणी हरकत घेत नाही. मागच्या बाजूला, माल उतरवायच्या धक्क्याकडे, मात्र फिरकू नये. ती खाजगी जागा असते आणि तिथे ट्रक मागे येत असतात.

निघण्यापूर्वीची एक तयारी फार उपयोगी पडते. गूगलच्या नकाशात रस्त्यावरून दिसणारं दृश्य उघडायचं आणि जुनी तारीख निवडायची. ही चित्रं २००७ पासून साठवलेली आहेत, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी केमार्टची पाटी अजून तिथे टांगलेली दिसते. त्याआधीचं पाहायचं तर गावच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म मागाव्या. रविवारच्या अंकातली दुकानांची जाहिरात-पुरवणी फिल्ममध्ये बहुधा नसते, कारण ती सुटी घातलेली असे. गुरुवार-शुक्रवारच्या अंकात छापलेल्या पानभर जाहिराती मात्र मिळतात, आणि त्यांत दुकानाचा पत्ता, वेळ आणि भाव सगळं असतं.

पहिला दिवस: पॉटकेट आणि लॉन्सडेल

सकाळी पॉटकेटची स्लेटर मिल पाहावी. १७९३ ची ही लाकडी इमारत. पाण्याच्या जोरावर कापसाचं सूत काढण्याचा धंदा अमेरिकेत याच नदीवर रुजला. ब्लॅकस्टोन नदीच्या काठाने वर जाताना एकामागून एक गिरण्यांच्या विटांच्या इमारती लागतात. लालबाग-परळ पाहिलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. तोच विटांचा रंग, त्याच लांबलचक खिडक्यांच्या रांगा, तीच चिमणी.

प्रॉव्हिडन्सपासून सात-आठ मैलांवर, कंबरलँड गावाच्या लॉन्सडेल भागात, ॲन अँड होप मिल आहे. लॉन्सडेल कंपनीने ती १८८६ मध्ये बांधली. नाव एका जहाजाचं. ब्राऊन अँड आइव्ह्ज या व्यापारी पेढीचं हे जहाज चीनच्या व्यापारात होतं, दोन्ही भागीदारांच्या बायकांची नावं त्याला दिली होती, आणि १८०६ मध्ये ते ब्लॉक आयलंडजवळ फुटलं. न्यू इंग्लंडच्या गिरण्या दक्षिणेकडच्या स्वस्त मजुरीपुढे बसत गेल्या, तशी ही इमारतही रिकामी झाली. मार्टिन चेस यांनी ती घेतली आणि १९५३ मध्ये आत दुकान उघडलं. सुरुवातीचा माल म्हणजे रिबिनी, शुभेच्छापत्रं आणि बायकांचे घरात घालायचे झगे. दुकानाला वेगळं नाव देण्याचा खर्चही केला नाही. गिरणीचंच नाव ठेवलं.

गिरणी दुकानाला का मानवली, हे बाहेरून नीट पाहिलं तरी कळतं. साच्यांचं, म्हणजे मागांचं, वजन आणि हादरे पेलायला बांधलेले जाड लाकडी तक्तपोशीचे मजले कितीही माल रचला तरी वाकत नाहीत. उजेडासाठी खिडक्या मोठ्या. गाठी चढवायला मालाची लिफ्ट आधीच होती. गावात कुणाला नको असलेली जागा, म्हणून भाडं नगण्य. शहरातल्या डिपार्टमेंट स्टोअरला संगमरवरी जिने, काचेची कपाटं, प्रत्येक कपाटामागे विक्रेता आणि मोक्याच्या चौकातलं भाडं, हे सगळं मालाच्या किमतीतून काढावं लागे. चेस यांच्याकडे त्यातलं काही नव्हतं. गिऱ्हाइकाने हातगाडी घ्यायची, स्वतः माल उचलायचा आणि दारापाशी एकाच ठिकाणी पैसे द्यायचे.

हिशेब कागदावर मांडून पाहू. समजा, एक वस्तू ६ डॉलरला पडते. जुनं दुकान ती १० ला विकतं आणि वर्षातून चार वेळा माल फिरतो. म्हणजे ६ डॉलरच्या गुंतवणुकीवर १६ डॉलर सुटले. नवं दुकान तीच वस्तू ८ ला विकतं, पण माल आठ वेळा फिरतो. सुटले तेही १६. गिऱ्हाइकाचे दोन डॉलर वाचले, दुकानदाराचं काही गेलं नाही, आणि भाडं-पगाराचा खर्च निम्म्याहून कमी. सगळी इमारत या एका गोष्टीवर उभी होती: माल फिरला पाहिजे. तो फिरायचा थांबला की कमी नफ्याचं दुकान जुन्या दुकानापेक्षा लवकर मरतं. पुढचे पाच दिवस हेच दिसत राहील.

गिरणीची अडचणही इथेच दिसते. अशा इमारतीत आठ-दहा फुटांवर खांब असतात, आणि हातगाडी जिन्यावर चढत नाही. म्हणून पुढच्या दहा वर्षांत या धंद्याने गिरणी सोडली आणि गावाबाहेरच्या रिकाम्या जमिनीवर एकमजली, सपाट छपराचा, खिडक्या नसलेला ठोकळा उभा केला. खांब लांब लांब, सगळं एका पातळीवर, समोर पार्किंग. पण सामान मांडण्याची रीत गिरणीतलीच राहिली. केमार्ट सुरू करणारे हॅरी कनिंगहॅम आणि वॉलमार्टचे सॅम वॉल्टन हे दोघेही ॲन अँड होप पाहून गेले होते. आज अमेरिकेत जिथे तिथे दिसणाऱ्या मोठ्या दुकानाचा साचा, दोन्ही अर्थांनी, याच इमारतीतून निघाला असं म्हणायला हरकत नाही. ॲन अँड होपची मोठी दुकानं २००१ मध्ये मिटली. पडदे आणि बागेच्या सामानाची छोटी दुकानं २०२० पर्यंत तगली.

इमारत नदी आणि रस्ता दोन्हीकडून दिसते. संध्याकाळच्या उन्हात पश्चिमेकडून पाहावी, विटा तेव्हा फार सुंदर दिसतात.

दुसरा दिवस: फ्रेमिंगहॅम आणि साउथब्रिज

उत्तरेला मॅसॅच्युसेट्समध्ये शिरायचं. फ्रेमिंगहॅम ३५ मैलांच्या आसपास आहे. झेअर कंपनीचं मुख्यालय इथे होतं. फेल्डबर्ग कुटुंबाचा हा धंदा, पहिलं दुकान १९५६ मध्ये केप कॉडवरच्या हायॅनिसला. नाव यिडिश भाषेतल्या ‘झेअर गूट’, म्हणजे ‘फार छान’, यावरून घेतलेलं. झेअर शहरातल्या दाट वस्तीत दुकानं उघडत असे, जिथे बाकीचे जायला कचरत. तिथली गिऱ्हाइकं रविवारच्या पुरवणीवर नजर ठेवून येत आणि सवलतीतली वस्तू संपली असेल तर ‘रेन चेक’ मागत. रेन चेक म्हणजे माल पुन्हा आला की त्याच उतरलेल्या भावात देऊ अशी चिठ्ठी. आईबरोबर त्या चिठ्ठीच्या रांगेत ताटकळणं हा त्या काळच्या मुलांचा ठरलेला कंटाळा. रेन चेक जास्त निघायला लागले की समजावं, गोदाम आणि जाहिरात यांचं एकमेकांशी बोलणं थांबलंय.

फ्रेमिंगहॅममध्ये एक जिवंत अवशेषही आहे. झेअरने १९७७ मध्ये वुस्टर आणि शेजारच्या ऑबर्नमध्ये टी. जे. मॅक्स नावाची कपड्यांची दुकानं काढून पाहिली. मूळ झेअर गेलं, हे पिल्लू मोठं झालं. आजच्या टीजेएक्स कंपनीचं मुख्यालय फ्रेमिंगहॅममध्येच आहे.

दुपारी साउथब्रिज गाठावं, सुमारे ४० मैल. हे गाव चष्म्यांच्या कारखान्यासाठी ओळखलं जाई. अमेरिकन ऑप्टिकलच्या विटांच्या प्रचंड इमारती अजून नदीकाठी आहेत. पण आपण आलोय एम्ससाठी. १९५८ मध्ये गिलमन बंधूंनी इथल्या बंद पडलेल्या एम्स वर्स्टेड या लोकरीच्या गिरणीत दुकान थाटलं. पुन्हा गिरणी, आणि पुन्हा नाव गिरणीचंच. ॲन अँड होपपासून तासाभराच्या अंतरावर, पाच वर्षांनी, तीच युक्ती.

एम्सची वाट झेअरच्या उलट होती. त्यांनी छोटी गावं धरली, जिथे दुसरं मोठं दुकान नव्हतं. मुलांच्या शाळेचे बूट, बापाचे कामाचे हातमोजे, हॅलोविनचे मुखवटे, सगळं तिथेच. बूट दोऱ्याने जोडलेले असत, कारण उघड्या रॅकवर एक बूट हरवला की दुसरा कवडीमोल. घालून पाहताना मूल बेडी घातल्यासारखं फरफटत चाले. डिस्काउंट स्टोअरमधला बूट विभाग पुष्कळदा दुकानाचा नसेच, तो दुसऱ्या कंपनीला भाड्याने दिलेला असे. केमार्टमध्ये ही पद्धत २००८ पर्यंत होती. मालात दुकानाचे पैसे अडकत नाहीत, हा तिचा फायदा.

मग १९८८ मध्ये एम्सने झेअरची ३९२ दुकानं सुमारे ८० कोटी डॉलरला घेतली. एका रात्रीत कंपनी दुपटीहून मोठी झाली आणि दीड वर्षात, एप्रिल १९९० मध्ये, दिवाळखोरीत गेली. कारण समजून घेण्यासारखं आहे. एम्सला रोज सारखा कमी भाव ठेवायची सवय, म्हणून झेअरच्या पुरवण्या आणि सवलतींना त्यांनी कात्री लावली. झेअरचं गिऱ्हाईक तर पुरवणी पाहूनच येणारं. ते आलंच नाही. माल पडून राहिला आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज मात्र चालू. त्यातून सावरून एम्स १९९२ मध्ये बाहेर आलं, आणि १९९८-९९ मध्ये पुन्हा तेच केलं: हिल्स या दुसऱ्या साखळीची १५५ दुकानं घेतली. ऑगस्ट २००१ मध्ये दुसरी दिवाळखोरी आणि २००२ मध्ये उरलेल्या ३२७ दुकानांना कुलूप.

हिल्सचा मुलूख ओहायो-पेनसिल्व्हेनिया, आपल्या वाटेबाहेरचा. तरी त्यांच्या खाण्याच्या काउंटरबद्दल इथे बोलायला हवं, कारण लोक सर्वांत जास्त तेच आठवतात. पॉपकॉर्न, मऊ प्रेट्झेल आणि आइसी. काउंटर दाराशीच ठेवण्यात दोन हेतू. पॉपकॉर्नला कच्चा माल जवळजवळ फुकट, त्यामुळे तिथे नफा कपड्यांच्या कितीतरी पट. आणि मुलाच्या हातात पिशवी असली की ते अर्धा तास रडत नाही, तेवढा वेळ आई दुकानात फिरते. यंत्राच्या भांड्यातलं खोबऱ्याचं तेल तापलं की वास पार्किंगपर्यंत जाई.

तिसरा दिवस: कनेक्टिकट

आज गाडी बरीच चालवायची आणि थांबायचं कमी. हार्टफर्डच्या उत्तरेला ब्रॅडली विमानतळ आहे. ब्रॅडलीजच्या संस्थापकांच्या सुरुवातीच्या बैठका इथे होत, म्हणून ते नाव. पहिलं दुकान १९५८ मध्ये न्यू लंडनला. हार्टफर्डच्या दक्षिणेला रॉकी हिलमध्ये एम्सचं मुख्यालय होतं. पुढे नॉर्वॉक, कॅल्डोरचं मुख्यालय. आणि राज्याची सीमा ओलांडली की न्यूयॉर्कमधलं पोर्ट चेस्टर, जिथे १९५१ मध्ये कार्ल आणि डोरोथी बेनेट या जोडप्याने जिना चढून जायचं छोटं दुकान काढलं. कार्लमधलं ‘काल’ आणि डोरोथीमधलं ‘डोर’ मिळून कॅल्डोर.

नॉर्वॉक ते पोर्ट चेस्टर महामार्गाने न जाता जुन्या पोस्ट रोडने जावं. १७ मैलांना तास लागतो, पण भिंती वाचायचा सराव इथेच होतो. अमेरिकेतले या विषयाचे शौकीन ज्याला ‘लेबलस्कार’ म्हणतात, तो म्हणजे पाटीचा व्रण. अक्षरं काढली की त्यांच्याखालचा रंग बाकी भिंतीपेक्षा गडद राहतो, कारण त्याला ऊन-पाऊस लागलेला नसतो. अक्षरं भिंतीपासून थोडी सोडून बसवलेली असतील तर कडांना धुळीचे ओघळ उतरलेले दिसतात. शिवाय प्रत्येक अक्षरामागे खिळ्यांची तीन-चार भोकं आणि दिव्याच्या तारेचं एक मोठं भोक. मालकाने भिंत रंगवली तरी भोकांवरच्या लांबीचा पोत वेगळा असतो आणि पावसानंतर भिंत वाळताना तो आधी उमटतो. केमार्टचा व्रण ओळखायला सोपा: मोठा ‘के’ आणि शेजारी ‘मार्ट’ची सुटी अक्षरं असतील तर पाटी १९९० च्या आधीची, एकच अवाढव्य ‘के’ असेल तर नंतरची.

व्रण नसला तरी इमारत बोलते. बाजूला तीन-चार बुजवलेली शटरची दारं म्हणजे गाड्यांचा विभाग, टायरचा वास येई तो. जाळीचं कुंपण घातलेला काँक्रीटचा पट्टा म्हणजे बागेचा विभाग. आज आत जिम असेल, किराणा असेल, चर्च असेल किंवा सामान ठेवायची भाड्याची गोदामं. जुन्या केमार्टची गोदामं तर बरीच झाली.

कॅल्डोर आणि ब्रॅडलीज यांचं मरण एकत्र समजून घ्यावं लागतं, आणि ते दुकानात झालं नाही, उधारीच्या वहीत झालं. कारखानदार माल पाठवतो आणि पैसे साठ दिवसांनी येतात. तेवढे दिवस थांबायला नको म्हणून तो ते येणं ‘फॅक्टर’ नावाच्या वित्तसंस्थेला विकतो. दुकान बुडलं तर नुकसान फॅक्टरचं. त्यामुळे एखाद्या दुकानाच्या ऑर्डरला फॅक्टरने नकार दिला की कारखानदार रोख मागतो. हंगामाआधी माल भरायची वेळ, हातात रोख नाही, फळ्या रिकाम्या, गिऱ्हाईक परत. महिन्या-दोन महिन्यांत खेळ आटोपतो. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात पत गेलेल्या दुकानदाराचं जे होतं तेच. १९९५ च्या जूनमध्ये ब्रॅडलीज, सप्टेंबरमध्ये कॅल्डोर आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जातीचं जेम्सवे, अशा तिघांनी चार-पाच महिन्यांत दिवाळखोरीसाठी न्यायालयाची पायरी चढली. जेम्सवे लगेच मिटलं, कॅल्डोर १९९९ मध्ये, ब्रॅडलीज २००१ मध्ये. समोर वॉलमार्ट आणि टार्गेट न्यू इंग्लंडमध्ये उतरलेच होते.

चौथा दिवस: मॅनहॅटन

गाडी हॉटेलवर ठेवा. सकाळी २३३ ब्रॉडवे, वूलवर्थ बिल्डिंग. १९१३ ची, ७९२ फूट उंच, पाच आणि दहा सेंटच्या दुकानांच्या कमाईतून बांधलेली. वूलवर्थचं पहिलं दुकान १८७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला निघालं आणि चाललं नाही. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला काढलेलं चाललं. आतला दिवाणखाना फक्त मार्गदर्शित फेरीत पाहता येतो, जागा आधी राखावी. छताशी फ्रँक वूलवर्थ नाणी मोजत बसलेले कोरले आहेत, ते चुकवू नये. वूलवर्थने १९६२ मध्ये वूलको हे डिस्काउंट स्टोअरही काढलं. त्याच वर्षी केमार्ट, टार्गेट आणि वॉलमार्ट निघाले. चौघांतलं वूलको अमेरिकेत १९८३ च्या सुरुवातीला सर्वांत आधी मिटलं, आणि वूलवर्थची जुनी दुकानं १९९७ मध्ये.

मग पूर्वेकडचा ४६ वा रस्ता. १९४८ मध्ये यूजीन फेरकॉफ यांनी इथे दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे आपल्या मोजणीने पहिल्या, बॅगांचं दुकान काढलं: ई. जे. कॉर्वेट. ‘कॉर्वेट’ हे लढाऊ बोटीच्या एका प्रकाराचं नाव, इंग्रजी स्पेलिंग थोडं बदलून. आठ ज्यू माजी सैनिकांनी काढलं म्हणून हे नाव, ही गोष्ट लोक अजून सांगतात. ती खरी नाही.

कॉर्वेटने जे केलं त्याचं धाडस भारतीय वाचकाला चटकन कळणार नाही. आपल्याकडे पुड्यावर छापलेली किंमत ही कमाल असते, त्याहून जास्त घेता येत नाही. अमेरिकेत तेव्हा उलटं होतं. १९३७ आणि १९५२ च्या केंद्रीय कायद्यांच्या आधाराने बऱ्याच राज्यांत कारखानदार किमान किंमत ठरवून देऊ शकत होता; त्याखाली विकलं तर दुकानदारावर खटला. फेरकॉफ यांनी ‘सभासदांचा क्लब’ असल्याचं दाखवून रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सभासद कार्डं वाटली आणि बॅगांबरोबर टोस्टर, पेनं, कॅमेरे पडत्या भावात विकले. हे किमान किमतीचे कायदे १९७५ मध्ये रद्द झाले. गंमत नाही, शोकांतिका आहे: ज्या कायद्याशी झगडून दुकान मोठं झालं तो गेल्यावर स्वस्त विकणं कुणालाही जमू लागलं, आणि १९८० मध्ये कॉर्वेट संपलं.

दुपारी हॅरिसनसाठी हडसनखालून जाणारी पाथ गाडी. न्यू जर्सीतल्या या गावात १९४६ मध्ये हबश्मन बंधूंनी ‘टू गाइज फ्रॉम हॅरिसन’ काढलं. १९५९ मध्ये त्यांनी ‘व्हॉर्नाडो’ पंखे बनवणारी कंपनी घेतली आणि त्या पंख्यांचं नाव आपल्या कंपनीला लावलं. १९८२ मध्ये दुकानं मिटवली, पण जमिनी ठेवल्या. त्यातल्या बऱ्याच ब्रॅडलीजला भाड्याने गेल्या. व्हॉर्नाडो आज न्यूयॉर्कमधली बलाढ्य जमीनमालक कंपनी आहे. ५९ व्या रस्त्यावर लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूला अलेक्झांडर्सचं प्रसिद्ध दुकान होतं, १९९२ मध्ये बंद पडलेलं. त्या जागी व्हॉर्नाडोच्याच संबंधातला ब्लूमबर्ग टॉवर उभा आहे. लोअर परळ पाहिलेल्यांना याचं नवल वाटू नये.

पाचवा दिवस: ॲव्हनेल आणि ओक ट्री रोड

मॅनहॅटनपासून वीस-बावीस मैलांवर ॲव्हनेल. इथलं केमार्ट १६ एप्रिल २०२२ ला बंद झालं आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तीनच उरली. जवळच आयसेलिन-एडिसनचा ओक ट्री रोड, भारतीय दुकानांनी भरलेला. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या आणि या भागात स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबांत मराठी घरंही पुष्कळ. त्या पिढीची पहिली थंडीची जाकिटं आणि भारतात न्यायच्या बॅगा अशाच दुकानांतल्या. जेवण इथेच उरकावं.

केमार्टचं मूळ डेट्रॉइटचं. सेबॅस्टियन क्रेसगी यांची पाच-दहा सेंटची दुकानं होती. त्याच कंपनीचं पहिलं केमार्ट १ मार्च १९६२ ला मिशिगनमधल्या गार्डन सिटीत उघडलं. थोडा वेळ भाव उतरल्याची खूण असलेल्या निळ्या दिव्याची कल्पना १९६५ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेन इथल्या दुकानात निघाली. नाताळच्या वेष्टनाचा कागद खपत नव्हता आणि गिऱ्हाइकाला तो कुठे आहे ते दिसत नव्हतं, म्हणून पोलिसांच्या गाडीवर असतो तसा फिरता दिवा तिथे लावला. पुढे त्याची रीत बसली. ढकलगाडीवर खांब, खाली बॅटरी, वर निळा दिवा. नोकर गाडी ठरलेल्या रॅकपाशी नेतो, हातातल्या यंत्राने नव्या भावाच्या चिठ्ठ्या डकवतो, मग ध्वनिक्षेपकावर घोषणा होते आणि दिवा फिरतो. पंधरा-वीस मिनिटांत विकलं जाईल तेच विकायचं. चूक व्हायची ती अशी की न खपणारा रद्दी माल वारंवार दिव्याखाली येऊ लागला आणि लोक वळेनासे झाले. १९९१ मध्ये दिवा बंद केला. २००१ मध्ये तो पुन्हा लावून पाहिला, पण उशीर झाला होता.

दुसरी आठवण ‘लेअवे’ची. ऑगस्टमध्ये सायकल निवडायची, थोडी रक्कम भरायची, दुकान ती मागच्या खोलीत नाव लिहून ठेवतं, दर पंधरवड्याला हप्ता, शेवटचा भरला की सायकल घरी. व्याज नाही, फक्त थोडं सेवाशुल्क. हप्ते थकले तर शुल्क कापून पैसे परत आणि सायकल पुन्हा रॅकवर. आपल्या सोनाराच्या मासिक योजनेची ही बहीण. दुकानाला मात्र जागा अडते आणि नाताळ उलटून गेल्यावर परत आलेला माल निम्म्या किमतीतही जात नाही. क्रेडिट कार्ड आल्यावर बहुतेकांनी ती सोडली; वॉलमार्टने २००६ मध्ये बंद केली. केमार्टने धरून ठेवली. माझ्या मते त्यांच्याकडे उरलेल्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक होती.

केमार्टने ऐंशी-नव्वदच्या दशकांत पैसा पुस्तकांच्या, खेळाच्या सामानाच्या आणि बांधकाम साहित्याच्या वेगळ्या कंपन्यांत घातला. जुन्या दुकानांची फरशी, दिवे आणि हिशेबाची संगणक यंत्रणा तशीच राहिली. जानेवारी २००२ मध्ये दिवाळखोरी, २००५ मध्ये सिअर्सशी विलीनीकरण, आणि त्यानंतर दुकानांवर खर्च जवळपास थांबला.

सहावा दिवस: ब्रिजहॅम्प्टन

पहाटे पाचला निघा. लाँग आयलंडचा महामार्ग सातनंतर तुंबतो, आणि उन्हाळ्यात शुक्रवारी तर हा रस्ता टाळावाच. मॅनहॅटनपासून पूर्वेला सुमारे ९५ मैल. ज्यांना गाडी नको त्यांच्यासाठी लाँग आयलंड रेलरोडची माँटॉक शाखा ब्रिजहॅम्प्टनला थांबते, गाड्या मात्र थोड्या.

गावाबाहेर माँटॉक हायवेवर ब्रिजहॅम्प्टन कॉमन्स हे दुकानांचं आवार आहे. इथे कॅल्डोर होतं. ते गेल्यावर १९९९ मध्ये त्याच इमारतीत केमार्ट आलं. आजूबाजूला अब्जाधीशांची उन्हाळी घरं. त्या घरांत राबणारे माळी, सुतार आणि स्वयंपाकीणबाया यांना टॉवेल, चपला आणि मुलांचे कपडे परवडणाऱ्या भावात मिळण्याची ही जागा. रविवार २० ऑक्टोबर २०२४ ला तिचं दार शेवटचं बंद झालं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं पूर्ण आकाराचं शेवटचं केमार्ट ते. मागे मायामीत एक अगदी छोटं उरलं.

बंद होणाऱ्या दुकानाच्या विक्रीचा क्रम सगळीकडे सारखा असतो. ही विक्री बहुधा दुकान करत नाही, विक्री उरकून देणारी वेगळी कंपनी करते. पहिल्या आठवड्यात दहा ते तीस टक्के सूट, तीही पुष्कळदा पूर्ण छापील किमतीवर, म्हणजे गेल्या महिन्याच्या सवलतीपेक्षा माल महागच पडतो. परतफेड बंद, कूपनं बंद. मग चाळीस, साठ, नव्वद टक्के. शेवटी रॅक, टोपल्या, हातगाड्या, कागदी पाट्यासुद्धा विकायला निघतात. आठवण म्हणून काही घ्यायचं असेल तर याच टप्प्यावर जावं: भावाची पट्टी अडकवायची खाच असलेली फळी मिळते, पाच-दहा डॉलरला.

परतीच्या वाटेवर ऐकायला एक ठेवा आहे. इलिनॉयमधल्या एका माजी कर्मचाऱ्याने १९८९ पासूनच्या काही वर्षांच्या, दुकानात वाजणाऱ्या कॅसेटी सांभाळल्या आणि २०१५ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य ठेवल्या. आधी दर महिन्याची कॅसेट येई, मग दर आठवड्याची. दिवसभर तीच फिरत राही, म्हणून काही ठिकाणी आवाज झिजलेला आहे. वाद्यसंगीताची दोन-तीन गाणी, मग एक बाई शांतपणे सांगते की पडद्यांवर सूट आहे, पुन्हा गाणं. कॅसेट निवडताना ऑक्टोबरची घ्यावी. ब्रिजहॅम्प्टनहून मॅनहॅटनला पोचेपर्यंत ती बहुधा संपते.